फायकॉल-पॅक प्लस: निरोगी रक्ताला उत्तम, कॅन्सरच्या रक्ताला एकटं अपुरं

रक्तातून टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या म्हटलं की बहुतेक लॅबमध्ये हात आधी फायकॉल-पॅक प्लसच्या बाटलीकडे जातो. हे द्रावण रक्तातल्या पेशी घनतेनुसार वेगळ्या करतं. निरोगी रक्तासाठी त्यात काही चूक नाही. घनता 1.077 ग्रॅम प्रति मिली. रक्तात तेवढंच बफर मिसळायचं, 50 मिलीच्या नळीत 15 मिली फायकॉल घेऊन त्यावर 30 मिली पातळ रक्त कडेने सावकाश सोडायचं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये 400 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 400 पट), 30 मिनिटं, 20 अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर विस्कटतात. बाटली फ्रीजमधून काढून लगेच वापरली तर थंड फायकॉल जास्त घन असतं, आणि खाली जायच्या पेशी वरच अडकतात.

कॅन्सरच्या रुग्णाचं रक्त आलं की अडचण वेगळीच. न्यूट्रोफिल (जंतूंवर तुटून पडणाऱ्या, कणांनी भरलेल्या पांढऱ्या पेशी) एरवी तळाला बसतात. रुग्णाच्या रक्तात त्यातले काही अपरिपक्व असतात, काहींनी पोटातले कण आधीच बाहेर टाकलेले असतात. ते हलके होऊन फायकॉलवर तरंगणाऱ्या लिम्फोसाइटच्याच (टी पेशी यातल्याच) पांढुरक्या थरात तरंगतात. थर छान जाड दिसतो, मोजणीही भरघोस येते, आणि इथेच फसगत होते. हे पाहुणे आर्जिनेज हे एन्झाइम सोडून आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवतात. आर्जिनिन आटलं की टी पेशींमधली सीडी3 झीटा साखळी (पेशीत संदेश पोचवणारं प्रथिन) घटते, मग टी पेशींना उत्तेजन देणारे सीडी3/सीडी28चे मणी घालूनही पेशी नीट वाढत नाहीत. ‘रुग्णाच्या टी पेशीच थकल्यात’ असा शेरा बसतो, पण कितीदा तरी दोष शेजाऱ्यांचा असतो. कार-टी (कॅन्सरवर सोडायला जनुक बदललेल्या टी पेशी) बनवायला घेतलेल्या नमुन्यात ही चूक फारच महाग पडते.

म्हणून थर उचलला की लगेच सीडी15 (न्यूट्रोफिलची खूण) आणि सीडी14 (मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची खूण) रंगवून बघाच. सीडी15 दिसले तर चुंबकीय मण्यांनी काढून टाका, किंवा सरळ सीडी4 व सीडी8 या टी पेशी निवडून घ्या. मोनोसाइट जास्त असतील तर तेही काढा, कारण उत्तेजनाचे मणी ते गिळतात. रक्त रात्रभर ठेवू नका. शिळ्या रक्तात निरोगी माणसाचे न्यूट्रोफिलही वर येतात.

वरचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) फेकू नका. निरोगी टी पेशींना 10 टक्के रुग्णाचा प्लाझ्मा देऊन बघितलं की टी पेशींवरचं दडपण शेजारच्या पेशींचं की विरघळलेल्या घटकांचं, याचा अंदाज येतो. त्यासाठी हेपरिनची नळी घ्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि सीरम घेतलं तर रक्त गोठताना प्लेटलेटमधून टीजीएफ-बीटा (टी पेशींना दडपणारं प्रथिन) सुटतो. दोन्हींमुळे नसलेलं दडपण दिसू शकतं.

आणि ही तुलना ताज्या नमुन्यावरच करा. गोठवून वितळवताना हे हलके न्यूट्रोफिल बहुतांशी मरतात. मग तोच नमुना अचानक सुधारलेला दिसतो.