स्पोकन ट्युटोरियलचा लेटेक पाठ: प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

स्पोकन ट्युटोरियल म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ पाठ; आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या या उपक्रमाचे पाठ मोफत बघता येतात. त्यातलाच एक विषय लेटेक, म्हणजे प्रबंधासारखा मजकूर आज्ञा लिहून मांडायचं सॉफ्टवेअर. वर्गाबाहेर शिकणारे विद्यार्थी आणि पदवी घेऊन नोकरीला लागलेलेही हे पाठ वापरू शकतात. एकेक पाठ साधारण दहा मिनिटांचा, बरेच मराठीतही. खरी किमया मांडणीत आहे: एका बाजूला छोट्या चौकटीत व्हिडिओ आणि उरलेल्या जागेत लेटेक उघडं ठेवायचं. एक पायरी बघा, थांबवा, स्वतः करा. नुसते बघत बसलात तर दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही.

बहुतेकांची गाडी अडते ती संदर्भसूचीवर. पीडीएफमध्ये संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं की लोक घाबरतात. चालवायचा क्रम असा: आधी लेटेक, मग बिबटेक (संदर्भसूची तयार करणारा प्रोग्राम), मग पुन्हा दोनदा लेटेक. पहिल्या फेरीत फक्त कोणते संदर्भ हवेत याची नोंद होते, बिबटेक यादी बनवतं, पुढच्या दोन फेऱ्यांत ती यादी आणि क्रमांक जागेवर बसतात. तरीही प्रश्नचिन्ह राहिलं, तर संदर्भाच्या खुणेचं, म्हणजे मजकुरात आणि संदर्भांच्या फाइलमध्ये त्याला दिलेल्या नावाचं, स्पेलिंग तपासा.

मराठीत प्रबंध लिहायचा असेल तर पीडीएफलेटेक या लेटेकच्या नेहमीच्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका. युनिकोड चालणारा झीलेटेक हा प्रकार घ्या, फॉन्ट निवडायचं फॉन्टस्पेक हे पॅकेज जोडा, आणि फॉन्टसोबत लिपी देवनागरी असल्याचं न विसरता लिहा. नाहीतर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते.

उणीव एकच, पण जाणवणारी: काही पाठ जुन्या आवृत्तीवर आहेत, त्यामुळे मेनू जागेवर सापडत नाहीत. कॉलेजने प्रयोगशाळेत कार्यशाळा ठेवली असेल तर हेडफोन आणि आधीच इन्स्टॉल केलेलं लेटेक हवंच. त्याची फाइल मोठी असते, डाउनलोडमध्येच सकाळ जाते.