आईच्या बाथरूमचं काम: माणसं चांगली, कोटेशन मात्र नीट वाचून घ्या

वयस्कर माणसांसाठी घरात सोयी करून देणारं हे पुण्यातलं दुकान. आमची आई ७९ वर्षांची, सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघे गेलेत. डोंबिवलीला माझ्याकडे चल म्हटलं की विषय बदलते. मग तिचंच घर तिला झेपेल असं करून घ्यायचं ठरवलं.

नुसतं घर बघायला यायचे १,५०० रुपये घेतात, काम दिलं तर बिलातून वजा करतात. माझ्या मते सगळ्यात वसूल झाले ते हेच पैसे. मालक स्वतः आले. टेप बाहेर काढायच्या आधी आईला म्हणाले, "आजी, रोज जशा बसता-उठता तसं एकदा करून दाखवा बरं." आई आधी लाजली, मग कमोडवर बसून उठून दाखवलं. उठताना तिचा डावा हात थेट नळावर जातो, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्यांनी तिथेच पेन्सिलने खूण केली, आणि धरून उठायची दांडी बरोब्बर तिथेच बसली. दांडी ३०४ ग्रेडच्या, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या स्टीलची आहे. स्क्रू नुसते प्लॅस्टरमध्ये नाही, विटेत जायला हवेत म्हणून फिटरने लांब फास्टनर वापरले आणि शेवटी स्वतः लोंबकळून दाखवलं. "दवाखान्यासारखं दिसतंय," असं आईचं मत पडलं. आता त्यावर टॉवेल वाळत घालते.

दाराचं तर मला सुचलंच नसतं. आमचं दार आत उघडायचं. माणूस आत पडला तर दाराला अडतो आणि बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडणारं केलं, कडीही बाहेरून नाण्याने फिरेल अशी बसवली. चौकट फोडून दार रुंद करू का, असं मीच विचारलं. त्यावर मालक म्हणाले, "लिफ्ट नाही, व्हीलचेअर वर येणार कशी? आत्ता तो खर्च नको." कमोडही बदलू दिला नाही, वरून चार इंच उंच सीट लावून दिली. हातचं काम असं सोडणारा कॉन्ट्रॅक्टर मी तरी पहिल्यांदा पाहिला. गुळगुळीत लाद्या काढून खरखरीत बसवल्या, पाणी वाहून जायचा उतारही नव्याने केला.

आता तक्रारी. कोटेशनमध्ये १,१२,००० आणि खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा'. १८ टक्के धरून ते १,३२,१६० होतात, तेव्हा आधीच विचारा. इलेक्ट्रिशियन त्यांचा स्वतःचा नाही, बाहेरून बोलावतात. त्याने बटण अशा ठिकाणी लावलं की उघडलेलं दार नेमकं त्याच्यावरच येतं. फुकट हलवून दिलं, पण भिंतीवरचं सिमेंटचं ठिगळ रंगवायला आजवर कोणी आलेलं नाही. अॅडव्हान्स ५० टक्के मागतात. मी ३० टक्के शेवटपर्यंत हातात ठेवले, बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातंय हे बघितलं आणि मगच दिले.

पैशांचं म्हणाल तर भावाने आणि मी निम्मे-निम्मे घातले. आई पोस्टातली सिनिअर सिटिझनची ठेव मोडायला निघाली होती. दोन वर्षं उलटून गेली तरी मुदतीआधी मोडल्यास मुद्दलातून १ टक्का कापतात, शिवाय तिमाहीचं व्याज हा तिचा घरखर्च, म्हणून हात लावू दिला नाही. भावाने रिव्हर्स मॉर्गेजचंही काढलं होतं. ६० वर्षांवरच्यांना स्वतःच्या घरावर बँक पैसे देते आणि त्यांच्या हयातीत ते फेडावे लागत नाहीत, हे खरं. पण सव्वा-दीड लाखासाठी घर गहाण टाकायचं म्हणजे फारच झालं. दुरुस्तीसाठी बँकेचं कर्ज काढणार असाल आणि जुन्या करपद्धतीत असाल, तर स्वतः राहत्या घरासाठी त्या व्याजावर वर्षाला ३०,००० पर्यंत वजावट मिळते, हे सीएला विचारून घ्या.

जिन्यात भिंतीच्या बाजूनेही कठडा हवा होता. त्याचं माप दुकानाने घेऊन ठेवलंय, पण जिना सोसायटीचा, आणि कमिटीची मीटिंग अजून व्हायचीये.

पाचपैकी चार तारे. ठिगळ रंगवलं की पाचवा देईन.