‘आय७ दिला ना?’ : जुना गेमिंग पीसी बदलताना अर्ध्या नावाने होणारी फसवणूक

बिल कच्चं, वहीच्या पानावर लिहिलेलं : आय७ प्रोसेसर, नवीन गेमिंग बोर्ड, १६ जीबी रॅम, १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स, ५०० वॅट एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), ५१२ एसएसडी. एकूण २७,५०० रुपये, जुना पीसी एक्सचेंजमध्ये दिल्याचे ६,००० वजा. घेणारा बारावी झालेला मुलगा, सोबत वडील. जुन्या पीसीत कोअर आय५-४४६०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय. आय५ जाऊन आय७ येतोय, ८ चे १६ होतायत, २ चे ४ होतायत. वडिलांना सौदा पटला. घरी आल्यावर एका गेममध्ये जुन्या पीसीपेक्षा कमी फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) मिळू लागल्या, आणि अर्ध्या तासाने मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. दुकानदाराचं उत्तर एकच : ‘‘आय७ लिहिलाय, आय७ दिला ना?’’

दिला होता. म्हणून तर ही फसवणूक पकडायला कठीण जाते. एक ग्राफिक्स कार्ड सोडलं तर बिलावर धडधडीत खोटं काहीच नव्हतं, फक्त प्रत्येक वस्तूचं नाव अर्धंच लिहिलं होतं.

प्रोसेसरपासून सुरुवात करू. आत निघाला कोअर आय७-२६००, २०११ सालचा. एक्सचेंजमध्ये दिलेला आय५-४४६० होता २०१४ चा. इंटेलच्या या जुन्या नावांत आय७ नंतरच्या आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो : २६०० म्हणजे दुसरी पिढी, ४४६० म्हणजे चौथी, पाच आकडी असेल तर पहिले दोन, १२४०० म्हणजे बारावी. दुसऱ्या पिढीच्या आय७ मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, त्यामुळे काही कामांत तो त्या आय५ च्या बरोबरीने किंवा थोडा पुढे धावतो. पण त्यात एव्हीएक्स२ नाही. हा प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा संच इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत चौथ्या पिढीपासून आला, आणि अलीकडचे काही गेम त्याच्याशिवाय उघडतच नाहीत. म्हणजे जुन्या पीसीवर सुरू होणारा गेम ‘अपग्रेड’ केलेल्या पीसीवर सुरू होण्याआधीच बंद पडू शकतो.

बोर्ड खरोखर नवा होता, खोक्यात, प्लॅस्टिकमध्ये. पण त्यावरचा चिपसेट, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप, एच६१, तीही २०११ ची. जुन्या चिपसेटवर नव्याने बनवलेले असे बोर्ड आपल्या बाजारात अजून सर्रास मिळतात, आणि ऑफिसच्या बिलिंग मशीनला ते वाईटही नाहीत. गेमिंगला मात्र हे पाऊल मागे पडतं. एच६१ चे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) ३ गिगाबिटचे, म्हणून एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण २५०-२७० एमबीवर अडकतो. एच८१ वर ६ गिगाबिटचे दोन पोर्ट होते, तिथे हीच एसएसडी ५०० च्या पुढे गेली असती. रॅम १६ जीबी होती, पण डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची. आजच्या नव्या पिढीच्या बोर्डात ती बसणार नाही.

एसएसडी मात्र खरी निघाली. तेवढं एक.

आता ग्राफिक्स कार्ड. विंडोज दाखवत होतं ‘जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी’. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडल्यावर नावाआधी ‘फेक’ असं लिहून आलं. ही सोय त्यात २०१८ पासून आहे. खऱ्या १०५० टीआयमध्ये जीपी१०७ चिप असते, १४ नॅनोमीटरची, ७६८ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे कोअर). इथे होती जीएफ११६, ४० नॅनोमीटरची, १९२ शेडर, म्हणजे २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय. कार्डाच्या बायोसमध्ये (आत कायम भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) नाव आणि मेमरीचा आकडा बदलून लिहिला की विंडोज बिचारं तेच वाचून दाखवतं. प्रत्यक्ष मेमरी १ जीबी. गेमने त्याहून जास्त मागितली की चित्र फाटतं किंवा सगळं गोठतं. आणि एक्सचेंजमध्ये गेलेलं ७५० टीआय, ६४० शेडरचं, या कार्डापेक्षा कितीतरी सरस होतं.

हे कार्ड सॉफ्टवेअरशिवायही ओळखता येतं. पाठीमागे निळा व्हीजीए पोर्ट दिसला की तिथेच थांबावं. १०५० टीआयच्या चिपमध्ये अ‍ॅनालॉग सिग्नलची सोयच नाही. दुसरी खूण दुकानदाराच्या तोंडची : ‘‘ड्रायव्हर अपडेट करू नका, कार्ड खराब होईल.’’ कार्ड खराब होत नाही. एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर टाकला की तो खोटी चिप नाकारतो आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ ही चूक येते. सूचना त्यासाठी असते.

रिस्टार्टचं कारण एसएमपीएस. बाहेर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. आय७-२६०० चे ९५ वॅट आणि ५५० टीआयचे ११६ मिळवले तर २११ होतात. लोड आला की व्होल्टेज खाली येतं आणि मशीन रिस्टार्ट होतं. खोक्यावरचा वॅटचा आकडा पाहू नका, हा गुणाकार करा. बऱ्या कंपनीच्या ५५० वॅट एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे ४० अँपिअरहून जास्त लिहिलेलं असतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस गेमिंगला वापरायचा नाही, मग तो नवा असला तरी.

शेवटचा मार विंडोजचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून ‘विंडोज ११ टाकून देतो’ हे आज प्रत्येक दुकानातलं आमिष आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं. तपासणी वगळून ते जुन्या मशीनवरही टाकता येतं, आणि इथे तसंच टाकलं होतं. व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना अधिकृत सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय) मागतो, ते नसेल तर ‘व्हॅन ९००१’ ही चूक दाखवून बंद होतो. मुलगा रोज खेळायचा तो नेमका हाच गेम, आणि जुन्या पीसीवर विंडोज १० मध्ये तो नीट चालत होता.

मग या मुलाने काय करायला हवं होतं? पैसे काढण्याआधी दोष कुठे आहे ते शोधायचं. गेम चालू असताना एमएसआय आफ्टरबर्नर पडद्यावर जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, वापर दाखवतं. तो ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर कार्ड कमी पडतंय. तो ५०-६० वर असेल आणि एखादा कोअर १०० ला टेकला असेल तर प्रोसेसर. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम्स वाढल्या तर अडचण कार्डात, जैसे थे राहिल्या तर प्रोसेसरमध्ये. आणि हे सगळं करण्याआधी तापमान बघा. दहा वर्षांच्या मशीनमध्ये थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली असते, कूलरच्या पंख्यामागे धुळीचा नमदा बसलेला असतो. प्रोसेसर १०० अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो. दोनशे-तीनशे रुपयांच्या पेस्टने आणि ब्रशने सुटणाऱ्या दुखण्यावर वीस हजारांचं औषध विकलं जातं, ते असं.

एच८१ च्या मालकाला खरा पर्याय असा : त्याच बोर्डात जुना आय७-४७९० बसतो आणि फरकही जाणवतो, पण रस्ता तिथेच संपतो. अधिकृत विंडोज ११ नाही, रॅम १६ जीबीपलीकडे नाही. म्हणून त्या बोर्डासाठी प्रोसेसर आणि डीडीआर३ यावर पैसे घालू नयेत. पुढच्या मशीनमध्ये सोबत नेता येतील अशा वस्तू आधी घ्याव्यात : चांगला एसएमपीएस, एसएसडी, मग कार्ड. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदमच बदलावं. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढल्यापासून ‘जुनी रॅम वाचवू या’ हा मोह वाढलाय, पण डीडीआर३ वाचवण्यासारखी राहिलेली नाही. डीडीआर४ असेल तर जरूर वाचवा.

कार्ड आधी घेतानाही एक खड्डा आहे, आणि इथे माल अस्सल, सीलबंद, वॉरंटीचा असतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेस या बोर्डाशी असलेल्या जोडणीच्या फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्या पुरतात (स्लॉटच्या पिढ्या प्रोसेसरच्या पिढ्यांहून वेगळ्या). एच८१ चा स्लॉट दुसऱ्या पिढीचा, तिथे चार लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम २ जीबी. कार्डावर मेमरी ४ जीबी, ती भरली की गेमचा डेटा या बोळातून ये-जा करतो आणि खेळ अडखळतो. आरएक्स ६६०० आठ लेनचं आणि ८ जीबीचं, म्हणून जुन्या बोर्डावर थोडं मार खाऊनही उभं राहतं आणि नव्या मशीनमध्ये पुरा वेग देतं.

उलट्या दिशेची फसवणूकही तितकीच चालते, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. पहिल्या पिढीचा रायझन (एएमडीचा प्रोसेसर) आणि बी३५० बोर्ड घेऊन कुणी गेलं की ‘‘हे आता जुनं झालं, सगळंच बदलावं लागेल’’ असं सांगून बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही विकले जातात. एएमडीने २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या बोर्डांनाही रायझन ५००० चालवायची परवानगी दिली. बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची प्रोसेसर यादी बघायची, त्यात रायझन ५ ५६०० असेल तर जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच बायोस अपडेट करायचा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून, बायोसच्या स्वतःच्या मेनूतून, आणि यूपीएसवर. अपडेट सुरू असताना वीज गेली तर बोर्ड मेला म्हणून समजा. त्यानंतर प्रोसेसर बदलला की सहा कोअर, बारा थ्रेड, विंडोज ११ चा अधिकृत आधार, सगळं मिळतं. जुनी डीडीआर४ तशीच राहते.

सेकंडहँड कार्डांत अर्ध्या नावाचा खेळ आणखी रंगतो. ‘आरएक्स ५८०’ म्हणून मिळतं ते पुष्कळदा ५८० २०४८एसपी असतं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर, यात २०४८, म्हणजे मुळात आरएक्स ५७०. जीटीएक्स १०६० चं ३ जीबीवालं रूप मेमरीतच नव्हे, कोअरमध्येही कमी आहे : १२८० च्या जागी ११५२. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ८ जीबीवाल्यापेक्षा हळू आहे. जीटी १०३० डीडीआर४ तर घेऊच नये, जीडीडीआर५ वाल्याच्या तुलनेत त्याचा मेमरी वेग एक तृतीयांश. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून ते चलन कमावणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली काही धुऊन, पंखे बदलून ‘कमी वापरलेलं’ म्हणून विकली जातात. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचा भाव तसाच हवा. आणि १०६०, १०७० सारख्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलंय. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट.

दुकानातच, पैसे देण्याआधी अर्धा तास मागा. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या गावात काय, प्रामाणिक दुकानदार तो देतो. पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड (प्रोसेसर ओळखणारं), जीपीयू-झेड आणि फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं) ही सॉफ्टवेअर न्या. विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदलता येतं, म्हणून मशीन बंद करून चालू करा आणि बायोसच्या पहिल्या पानावर नाव वाचा, मग सीपीयू-झेडमध्ये. जीपीयू-झेडमध्ये चिपचं नाव, शेडर, मेमरी बसची रुंदी हे आपल्या मोबाइलवर उघडलेल्या अधिकृत आकड्यांशी ताडून बघा. मग फरमार्क पंधरा मिनिटं. पाच नाही. खराब मेमरीचे ठिपके आणि रेघा कार्ड तापल्यावर दिसतात, आणि कमजोर एसएमपीएसही तेव्हाच मान टाकतो. ‘‘टेस्टिंग वॉरंटी सात दिवस’’ असं कुणी म्हटलं तर ते बिलावर तारखेसह लिहून घ्या.

बिल पक्कं हवं, जीएसटी क्रमांकासह, आणि प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल व सीरियल क्रमांक लिहिलेलं. ‘आय५ प्रोसेसर’ नको, ‘कोअर आय५-१२४००एफ’ हवं. त्यातला ‘एफ’सुद्धा कामाचा, एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं तर पडदा काळाच. अठरा टक्के वाचतील म्हणून कच्चं बिल घेतलं की वॉरंटी आणि तक्रार दोन्ही लंगडी होतात. जुना पीसी एक्सचेंजमध्ये देताना आतल्या प्रत्येक वस्तूचं नाव बिलात लिहून घ्या आणि हार्ड डिस्क काढून ठेवा.

फसल्यावर पहिल्याच दिवशी जीपीयू-झेडच्या खिडकीचे, कार्डावरच्या स्टिकरचे आणि एसएमपीएसच्या तक्त्याचे फोटो काढावेत. कार्ड स्वतः उघडू नये, सील तुटलं की दुकानदाराला निमित्त मिळतं. यूपीआयचा व्यवहार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा, कच्च्या बिलावर तोच पुरावा उरतो. आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे पाठवून वस्तूच आली नसेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

या मुलाच्या बाबतीत कार्डाचे पैसे परत मागता आले, कारण चिठ्ठीवर ‘१०५० टीआय’ हे नाव होतं आणि आत ते नव्हतं. आय७ चं काही करता आलं नाही.