लुबिचच्या पाच डीव्हीडी, वेंगुर्ल्याच्या पावसात बघितलेल्या

जुन्या हॉलिवूडचा दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच, त्याच्या पाच सिनेमांच्या जुन्या डीव्हीडी मागवल्या होत्या, २,२०० रुपयांना, कुरियर वेंगुर्ल्यात यायला नऊ दिवस लागले, पण पाचांतले चार सिनेमे असे आहेत की पैसे पहिल्याच रात्री वसूल.

माणूस बर्लिनचा, जन्म १८९२, वडिलांचा कपड्यांचा धंदा. दिवसा दुकान आणि रात्री नाटक असं करत करत सिनेमात आला, १९२२ ला मेरी पिकफर्ड या हॉलिवूडच्या मोठ्या नटीने अमेरिकेला बोलावून घेतलं आणि मग तिथलाच झाला.

सबटायटल्स इंग्लिश, आणि आईला इंग्लिश येत नाही. तरी ‘ट्रबल इन पॅरडाइज’ला (१९३२) शेजारी येऊन बसली. जेवणाच्या टेबलावर तो आणि ती, दोघं अगदी घरंदाज असल्यासारखे, आणि हळूच कळतं की त्याने तिचा ब्रोच मारलाय, तिने त्याचं घड्याळ, वर त्याचं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं ते लावूनही ठेवलंय! आई एकदम म्हणाली, "अगो बाय, दोघाय चोर आसत!" मी एक शब्द सांगितला नव्हता. लुबिचचं हेच मला फार आवडतं, तो दार बंद करतो आणि आत काय झालं ते आपल्यावर सोडतो, बघणाऱ्याला अक्कल आहे हे धरूनच चालतो. रात्रभर दशावतार बघणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) बुडापेस्टच्या दुकानातला. आमचं कापडाचं दुकान होतं त्यामुळे मला तो फारच जवळचा वाटला. मालक कोणाचं तरी खरं मत विचारायला लागला की पिरोविच नावाचा नोकर गुपचूप सटकतो, असा एक माणूस आमच्याकडेही होता. ते काम फेलिक्स ब्रेसार्टचं. हाच ‘निनोच्का’त (१९३९) तीन रशियन बाबूंपैकी एक, आणि ‘टू बी ऑर नॉट टू बी’त (१९४२) नाटक कंपनीतला भाला धरून उभा राहणारा नट, ज्याला आयुष्यात एकदा शायलॉक (शेक्सपियरच्या नाटकातला ज्यू सावकार) करायचाय. लुबिच ज्यू, १९३५ मध्ये नाझींनी त्याचं नागरिकत्व काढून घेतलेलं, आणि युद्ध चालू असताना त्याने हिटलरवर कॉमेडी केली! हिरॉइन कॅरोल लोंबार्ड सिनेमा लागायच्या आधीच विमान अपघातात गेली. शायलॉकचं ते बोलणं सुरू झालं तेव्हा आई पुढे सरकून बसली, "ह्यो त्या दुकानातलोच मां?" म्हणाली आणि संपेपर्यंत गप्प होती.

आता तक्रार. ‘हेवन कॅन वेट’ (१९४३) ची डिस्क चाळीसाव्या मिनिटाला अडकते, विकणाऱ्याने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. माझ्यासाठी हे वाईटच, कारण १९४७ ला लुबिच गेला त्याआधीच्या शेवटच्या काही सिनेमांतला हा एक. चार स्टार त्यामुळेच.

घेणार असाल तर आल्या आल्या सगळ्या डिस्क शेवटपर्यंत चालवून बघा. आणि आपल्याकडची हवा दमट, कव्हरात ठेवल्या तर बुरशी धरते, मी चकलीच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्यात.