आयईएलटीएसचा क्लास, अलकापुरी, बडोदा: बोलणं झकास, लिखाण रामभरोसे

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी दांडिया बाजारातून रोज स्कूटीवर, दीड महिना. बोलण्याची तयारी मात्र फार छान करून घेतात. हातात कार्ड, विचाराला १ मिनिट, मग २ मिनिटांपर्यंत बोलायचं. माझा विषय 'आवडती जागा'. सूरसागर तलावावर सुरू झाले नि ४० सेकंदांत गार! मॅडम गुजरातीत म्हणाल्या, "बेन, तिथे कोणाबरोबर बसायचात ते सांगा ना." तिथून जी जीभ सुटली! (नवऱ्याला सांगितलेलं नाही.)

लिखाणाचं रडगाणंच. परीक्षेत लिखाणाच्या दुसऱ्या भागाला, म्हणजे निबंधाला, पहिल्या भागाच्या दुप्पट वजन, किमान २५० शब्द. आणि माझ्या सहाही निबंधांवर नुसती टिकमार्क. ऐकण्याचा सराव तर दोनदा लावून देतात, परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. निबंध आता टोरांटोतला भाचाच तपासतो, फुकटात.