गुप्त शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी: एका टोकन-सेवेचा सहा महिन्यांचा अनुभव

रात्री माणसाविना चालणाऱ्या आमच्या चार सॉफ्टवेअर एजंटांची ओळख सर्व्हरला पटावी म्हणून आजवर आम्ही कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक लांबलचक गुप्त शब्द लिहून ठेवत होतो. तो दोन्ही बाजूंना ठाऊक असायचा आणि दर वेळी तारेवरून जायचा. सहा महिन्यांपूर्वी आम्ही किल्ल्यांच्या जोडीवर चालणारी एक सेवा घेतली.

जोडीतली खासगी किल्ली सही करते आणि सार्वजनिक किल्ली ती सही पडताळते. येथे एजंट जोडी स्वतःच्याच यंत्रावर तयार करतो आणि सेवेकडे केवळ सार्वजनिक किल्ली नोंदवतो. टोकन, म्हणजे सर्व्हरवर प्रवेश देणारा अल्पमुदतीचा परवाना, हवे असले की आपण कोण, मागणी कोणत्या सर्व्हरकडे आहे, तिची मुदत किती आणि तिचा एकदाच चालणारा क्रमांक कोणता, एवढा मजकूर असलेल्या छोट्या जेडब्ल्यूटीवर (ठरावीक साच्यातल्या, सही करता येणाऱ्या संदेशावर) तो खासगी किल्लीने सही करतो. सेवा ती सही पडताळते आणि ॲक्सेस टोकन देते. ही पद्धत २०१५ च्या आरएफसी ७५२३ या इंटरनेट मानकाप्रमाणेच असल्याने आमची जुनी लायब्ररी जशीच्या तशी चालली. सेवेचा डेटाबेस उद्या फुटला तरी चोराच्या हाती सार्वजनिक किल्ल्यांखेरीज काही लागणार नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. एड२५५१९ प्रकारची किल्लीही चालते. तिची सही ६४ बाइटांची, तर आरएसए या जुन्या प्रकारच्या २०४८ बिटांच्या किल्लीची २५६ बाइटांची असते.

मी मुद्दाम खोड्या काढून पाहिल्या. तीच मागणी दुसऱ्यांदा पाठवली, दुसऱ्याच सर्व्हरच्या नावे केलेली पाठवली, सहीचा प्रकार ‘नन’ (म्हणजे सहीच नाही) लिहून पाठवली. तिन्ही वेळा सेवेने नकार दिला.

नकाराचे कारण मात्र ती कधीच सांगत नाही. आमच्या एका यंत्राचे घड्याळ सहा मिनिटे मागे पडले होते आणि मागणीची मुदत पाच मिनिटांची होती, त्यामुळे प्रत्येक मागणी पोहोचण्याआधीच शिळी होत होती. उत्तर एकच: ‘अमान्य क्लायंट’. परक्याला तपशील न देणे योग्यच आहे, पण खातेदाराला त्याच्या नोंदवहीत तरी खरे कारण दिसायला हवे होते; आमची अख्खी दुपार किल्ल्या तपासण्यात गेली.

टोकन एरवी तासभर चालते आणि ज्याच्या हाती पडेल त्याचे होते. ते किल्लीशी बांधून ठेवण्याची २०२३ च्या आरएफसी ९४४९ मधील सोय येथे नाही, म्हणून आम्ही मुदत दहा मिनिटांवर आणली.

खरी उणीव किल्ली बदलताना जाणवते. एका एजंटाच्या नावे एकच सार्वजनिक किल्ली ठेवता येते, त्यामुळे नवी नोंदवताच जुनी बाद होते आणि मधल्या क्षणी आलेली मागणी फेटाळली जाते. प्रत्येक किल्लीला ओळखक्रमांक देऊन दोन किल्ल्या काही काळ एकत्र नांदवणे अवघड नाही. त्यासाठीचा जेडब्ल्यूके संच (अनेक किल्ल्यांची एकत्र यादी) मानकात आहेच. तोवर किल्ल्या बदलण्याचे काम आम्ही एजंट निजलेले असताना, म्हणजे भर दुपारी, उरकतो.