डमी की व्हीइथ? लिनक्सवर आभासी इंटरफेस निवडताना

देवगड, मालवण किंवा रत्नागिरीत बसून एकाच लॅपटॉपवर नेटवर्किंग शिकणाऱ्याला आभासी इंटरफेससारखं (खऱ्या कार्डाशिवाय, सॉफ्टवेअरने बनवलेलं नेटवर्कचं टोक) साधन नाही. पावसात लाइट गेली, टॉवर बंद पडला तरी बॅटरी असेतो सराव चालू राहतो. लागणारी 'आयपी' कमांड बहुतेक डिस्ट्रोंत आधीपासून असते. फक्त रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार हवेत.

डमी हा यातला सगळ्यात सोपा प्रकार. एका ओळीत तयार होतो, पत्ता द्यायचा, 'अप' म्हणजे चालू करायचा. वाय-फाय असो वा नसो, एखाद्या सर्व्हरला मशीनवर कायम एक पत्ता हवा असेल तर हाच घ्या. पण डमीतून बाहेर पाठवलेलं पॅकेट कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकून देतो. त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर पिंग (उत्तर येतं का ते पाहणारी कमांड) केलं की उत्तर येतं खरं, पण ते लूपबॅकमधून, म्हणजे मशीनच्या आतल्या आत. डमीवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून बघा, त्यातलं एकही पॅकेट दिसणार नाही. म्हणून नुसत्या पिंगला चाचणी समजू नका.

पॅकेट खरोखर जाताना बघायचं असेल तर व्हीइथ. ही जोडी असते: एका टोकात शिरलेलं दुसऱ्यातून निघतं. दोन्ही टोकं एकाच ठिकाणी ठेवलीत तर पुन्हा लूपबॅकच. एक टोक वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (त्याच मशीनवरच्या स्वतंत्र नेटवर्क-कप्प्यात) हलवा. हलवताना आधीचा पत्ता पुसला जातो, तेव्हा पत्ते नंतर द्या: इकडे १०.०.०.१/२४, तिकडे १०.०.०.२/२४, आणि दोन्ही टोकं 'अप'. आता पिंग करा. टीसीपीडम्पमध्ये आधी एआरपी (समोरच्याचा मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता विचारणारी पॅकेट), मग आयसीएमपी (पिंगची पॅकेट) दिसेल. खरी मजा पुढे आहे. 'टीसी' या कमांडच्या नेटएमने (खराब नेटची नक्कल करणारी सोय) एका टोकावर ३०० मिलिसेकंद विलंब आणि ५ टक्के पॅकेटगळती लावा. होमस्टेच्या बुकिंगचं ॲप लिहिणाऱ्याने ते आषाढातल्या मोबाइल नेटवर कसं वागेल हे असं घरीच तपासावं. डमीवर हे जमत नाही.

मॅकव्हीलॅन (खऱ्या कार्डावरच वेगळ्या मॅक पत्त्याचा आणखी एक इंटरफेस) आपल्याकडे अनेकांना निराश करतो, कारण नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून येतं. वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट सहसा अनोळखी मॅक पत्त्याच्या फ्रेम घेत नाही. वायरचं कनेक्शन असेल तरच याच्या वाटेला जा.

टॅप (ज्याची पॅकेट एखादा प्रोग्राम वाचतो-लिहितो असा इंटरफेस) हवा तो व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीपीएनसाठी. तो उघडून धरणारा प्रोग्राम नसेल तर लिंक लागतच नाही.

शिकायला आला असाल तर थेट व्हीइथपासून सुरुवात करा. काही बिघडलं तर रीबूट करा, हाताने बनवलेलं सगळं पुसलं जातं. डमी कायम ठेवायचा असेल तर सिस्टमडी-नेटवर्कडीची (नेटवर्क सांभाळणारी सेवा) नेटडेव्ह फाइल, म्हणजे इंटरफेस बनवण्याची सेटिंग फाइल, लिहा.